पेव आणि पेढी

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. सौद्याच्या वेळी मात्र पेढीवर काढून ठेवलेला मालच कामी येई. संगणकाचीही रीत हीच. डिस्क म्हणजे पेव, रॅम म्हणजे पेढी. पेढी अपुरी पडली की पुनःपुन्हा पेवाकडे धावावे लागते आणि खेळ अडखळतो.

सातारा-सांगलीच्या व्यापारी घरांतला मुलगा सुटे भाग जुळवून खेळासाठी संगणक करवून घेऊ म्हणतो, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नये. प्रथम मदरबोर्ड पाहावा. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खोबणीत बसत नाही. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला डीडीआर५च लागते. दुसरे, ३२ जीबीच्या एका पट्टीपेक्षा १६ जीबीच्या दोन एकसारख्या पट्ट्या बऱ्या. दोन वाटांनी माहितीची ने-आण जलद होते. तिसरे, खोक्यावर छापलेला वेग बहुधा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावे लागते.

२०२५ च्या अखेरीस एआय केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय आवरण्याचे जाहीर केले. अशा तेजीत गरजेपलीकडचा माल भरणे शहाणपणाचे नव्हे. बहुतेक खेळांना १६ जीबी पुरते, ३२ जीबी ऐसपैस होते. ६४ जीबीवर घालायचे पैसे ग्राफिक्स कार्डावर खर्चले, तर खेळात त्यांचे मोल अधिक दिसते.