जयंतीची दुसरी सकाळ



आमच्या वाशीमच्या वस्तीतल्या जयंती समितीचा हिशेब काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. कारकुनाला दुसरे कोणते पद देणार! वहीत मंडप, लायटिंग, गाडीभाडे, डीजे असे मोठे आकडे आधी येतात आणि शेवटी पत्रावळ्या, द्रोण, ग्लास. ही शेवटची ओळ मी कधी लक्ष देऊन वाचली नव्हती. मागच्या वर्षी १५ एप्रिलच्या सकाळी पावत्या गोळा करायला विहाराकडे निघालो, तर ती ओळ सगळ्या रस्त्यावर पसरलेली. भाजीने माखलेल्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, अर्ध्यावर टाकलेली बुंदी. आणि त्यात वाकून काम करणारी, सफाईच्या कामावर असलेली आपल्याच समाजाची एक बाई. वस्तीत सगळे तिला आत्या म्हणतात. हाताला चिंधी बांधलेली होती. काच लागली होती.

मी म्हटले, "आत्या, आजच्या दिवस राहू द्यायचं होतं."

ती म्हणाली, "भाऊ, तुमची जयंती काल झाली. माही आज हाये."

वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. म्हणून यंदाच्या बैठकीत मी सुचवले की, जयंतीच्या आदल्या रविवारी विहाराच्या पटांगणात एक कुटुंब मेळावा घ्यावा. शहरात राहताना कचरा, पाणी, वीज, जुने कपडे यांचे काय करायचे, ते घरातल्या सगळ्यांनी येऊन पाहावे, हाताने करावे. एक तरुण लगेच म्हणाला, "काका, हे बंगल्यातल्या लोकांचे चोचले. आपण टाकतोच काय?"

त्याचे निम्मे खरे आहे. आपल्या आयांनी फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, डालड्याच्या डब्यात तुळस नाही तर मिरची लावली. आपल्या धम्मात तर याचा फार जुना दाखला आहे. चुल्लवग्गात कथा आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला ते खटकले. एवढ्या चीवरांचे हा भिक्खू करणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटून देऊ. मग त्या जुन्या चीवरांचे? त्यांचे पलंगपोस होतील. ते विरले की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. आणि फडकेही झिजले की त्याचे तुकडे मातीत मळून जमीन सारवू. राजा इतका संतुष्ट झाला, की त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

पण त्या तरुणाचे उरलेले निम्मे खरे नाही. आपणही आता एकदा वापरून फेकायला शिकलो आहोत. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा आपण कागदी पत्रावळीकडे वळलो. तिलाही बहुधा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ती कुजत नाही. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतच तरतूद केली होती, की शंभरापेक्षा जास्त माणसे जमवणाऱ्याने तीन दिवस आधी कळवावे आणि कचरा जागेवरच वेगळा करावा. आमच्या समितीने पोलीस परवानगी दरवर्षी घेतली. हे कोणाच्या गावीही नव्हते, माझ्याही.

मेळाव्यात शिकवायला कोणाला बोलवावे, यावर मात्र खरी चर्चा झाली. कोणी प्राध्यापकांचे नाव घेतले, कोणी अधिकाऱ्यांचे. मी म्हटले, आत्याला बोलवा. दोन-चार जण हसले.

हसणाऱ्यांना मी पुण्याचे उदाहरण दिले. तिथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रस्त्यावर, उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या बायांची ही संघटना, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. त्यांनी ओळखपत्रे मिळवली. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि त्या घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. जुने कपडे, भांडी, बंद पडलेली उपकरणे लोकांनी ठरल्या दिवशी आणून द्यावीत, अशी मोहीमही त्यांनी चालवली. पाळीचे पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही, हे घराघरांतल्या शिकलेल्या बायकांना त्यांनीच सांगितले. कचऱ्यात काय असते, हे ज्यांच्या हाताला ठाऊक, शिकवण्याचा पहिला अधिकार त्यांचा. त्या अधिकाराला खुर्ची हवी आणि मानधनही. ते मी अंदाजपत्रकात लिहून टाकले आहे, डीजेच्या रकमेतून काढून. त्यावरून थोडी बोलाचाली झाली, ती इथे नको.

भगिनींनो, एक प्रयोग आम्ही घरी करून पाहिला, तोही मेळाव्यात मांडणार आहोत. रंगाच्या रिकाम्या बादलीला खाली व बाजूने भोके पाडावीत. तळाशी वाळला पाला, त्यावर रोजची भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, वरून मूठभर माती. आठवड्यातून एकदा काठीने हलवावे, आंबट ताक असेल तर शिंपडावे. हाडे आणि तेलकट उरलेसुरले घालू नये. वास आला तर समजावे ओल जास्त झाली, पाला वाढवावा. दोनेक महिन्यांत काळे खत मिळते. आमच्या दोन खोल्यांत दाराबाहेरच्या पायरीवर ही बादली बसली, तुमच्याही बसेल. पहिल्या खेपेला आमच्या बादलीत अळ्या झाल्या होत्या, सौभाग्यवतींनी मला बादलीसकट बाहेर काढायचे बाकी ठेवले.

भोजनदानाचा प्रश्न कठीण आहे. महिला बचत गटाने स्टीलच्या ताटांचा संच घ्यायचे कबूल केले आहे. पण एप्रिलमध्ये एकबुर्जीचे पाणी उतरलेले असते, ताटे धुवायची कशी? आत्याच म्हणाली, आधी राखेने कोरडी घासून काढा, मग दोन टोपल्यांत विसळा, ते पाणी विहाराच्या पिंपळाला घाला. जमेल तिथे पळसाच्या पत्रावळ्याही आणू, त्या लावणाऱ्या म्हाताऱ्या अजून खेड्यांत आहेत.

आत्याने यायचे कबूल केले आहे. अट एकच घातली. यंदा ताटे बायांनी धुवायची नाहीत, पुरुषांनी धुवायची. आजपर्यंत तीन नावे आली आहेत, त्यात एक माझे. वही माझ्याकडेच आहे, रोज संध्याकाळी वंदनेनंतर मी विहारात असतो.