बर्गरवरचा खोटा खटला

आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांत गेली काही वर्षे एक शोकगीत नेमाने आळवले जाते. नातवंडे मराठी बोलत नाहीत आणि त्याला कारण बर्गर व व्हिडिओ गेम. वक्ते बदलतात, इंदूरच्या जागी बडोदे येते, बडोद्याच्या जागी ग्वाल्हेर. आरोपी मात्र तेच दोन. हा खटलाच मुळात खोटा आहे, आणि तो आपल्या सोयीचा आहे म्हणून चालवला जातो, एवढे मला स्पष्ट म्हणावयाचे आहे.

परका पदार्थ हा भाषेचा शत्रू, असा न्याय लावायचा तर एकादशीच्या खिचडीचे काय करावयाचे? आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडांतली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेले. आपल्या पणज्यांनी ती परकी जिन्नसे घरात घेतली, मराठी क्रियापदांनी हाताळली आणि थेट उपवासाला वाढली. त्यांची मराठी बुडाली नाही.

खोक्यातून आलेला बर्गर मुका असतो, ही गोष्ट खरी. खोके उघडावयास कोणतीच भाषा लागत नाही. पण तोच बर्गर घरी करावयास घ्या. चरबी कमी असलेला कोंबडीचा खिमा आणला, की पहिली अडचण येते ती टिक्की कोरडी होण्याची, कारण चरबी वितळून जो ओलावा देते तो येथे मिळत नाही. म्हणून कांदा किसून घालावा, पावाचा चुरा दुधात भिजवून मिसळावा आणि हलक्या हाताने कालवावे. कणकेसारखे तिंबले तर टिक्की रबरासारखी होते. मीठ टिक्की थापून झाल्यावर वरून भुरभुरावे, कारण आधी घातलेले मीठ मांसाचे कण एकमेकांस घट्ट चिकटवते. थालीपिठाला भोक पाडतो तसा मध्ये अंगठ्याने खळगा करावा, म्हणजे आकसताना टिक्की मधोमध फुगत नाही. तव्यावर उलथण्याने दाबू नये. उरलासुरला रसही निघून जातो. आतून कच्चे तर मुळीच ठेवू नये. मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतवर मिसळतात, म्हणून कोंबडीची टिक्की मधोमध ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापली पाहिजे. १९९३ साली अमेरिकेत अर्धकच्च्या बर्गरांमुळे शेकडो माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. कच्च्या खिम्याला लागलेले हात साबणाने धुतल्यावाचून मुलाने दुसऱ्या कशास शिवू नये, हेही येथेच सांगावे. (ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी राजमा घ्यावा, माझ्या म्हणण्यात काही फरक पडत नाही.)

किसणे, भिजवणे, कालवणे, तिंबणे, थापणे, भुरभुरणे, उलथणे. सहा वर्षांच्या नातवाला हे शब्द यादी देऊन पाठ होत नाहीत. हात खिम्याने बरबटलेले असताना कानावर पडले म्हणजे राहतात.

खेळाचेही तेच. २०१६ साली निघालेला ‘ओव्हरकुक्ड’ नावाचा एक खेळ आहे. दोन ते चार जणांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचे. मागणी आली की कोणी भाजी चिरायची, कोणी मांस तव्यावर टाकायचे, कोणी ताटल्या विसळायच्या. त्यात बर्गरही करावा लागतो, आणि विसरले तर तवा पेट घेतो. एकमेकांशी बोलल्यावाचून हा खेळ पुढे सरकतच नाही. शेजारी आजोबा बसले असतील तर ‘अरे, जळतंय, काढ लवकर! ताटली इकडे दे!’ हे मराठीत होते. आजोबा दुसऱ्या खोलीत बातम्या पाहत असतील तर ते हिंदीत होते. यात खेळाचा अपराध कोणता?

वयाची आणि वेळेची मर्यादा हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला फार तर एक तास, तोही कमी असेल तितका बरा, असे सुचवले. त्याहून लहानांना तो नकोच. पण दीड वर्षाच्या बाळासमोर जेवताना मोबाइल उभा करतो कोण? आपणच. चार घास निमूट जावेत आणि आपल्या गप्पांत खंड पडू नये, म्हणून. पुढे तेच मूल मुके राहिले की आपण सभेत ठराव मांडतो.

उलट, ज्याला आपण संस्कार म्हणतो ते पाहा. वक्तृत्व स्पर्धेत मुलगी आजीने लिहून दिलेले तीन मिनिटांचे भाषण खडखडीत म्हणते, ढाल घेते, व्यासपीठावरून उतरते आणि आईकडे पाणी मागते ते हिंदीत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात काही खटकत नाही. पाठांतराची मराठी ही सणावारी काढावयाची पैठणी झाली आहे. रोजच्या वापरातले लुगडे केव्हाच संपले.

येत्या उन्हाळी शिबिरासाठी कार्यकारिणीने सूचना मागविल्या आहेत. माझी सूचना अशी: दहा दिवसांपैकी चार संध्याकाळी भाषणे बंद ठेवाव्यात. सभागृहामागच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या, बाहेर एक टीव्ही, आणि प्रत्येक मुलामागे साठी उलटलेले एक माणूस. त्या माणसाने व्याख्यान देऊ नये. कांदा किसावा, हरावे, आणि हरल्यावर मराठीत भांडावे.