ड्राय आईसने सोडा सिलिंडर घरी भरताय? आधी हे वाचा

मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून ड्राय आईस दिला गेला आणि तो खाल्लेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यानंतर ड्राय आईस खाऊ नये, हे बहुतेकांना कळले. पण काही जण पैसे वाचवण्यासाठी सोडा मशीनचा रिकामा सिलिंडर याच ड्राय आईसने घरी भरतात. ड्राय आईस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड आणि सोड्यातही तोच वायू, मग बिघडले कुठे, असे त्यांना वाटते.

वायू तोच आहे, हे खरे. धोका आहे तो दाबाचा आणि श्वासाचा.

सिलिंडर का फुटू शकतो?
या लहान सिलिंडरमध्ये साधारण 400 ग्रॅम वायू मोजून भरतात आणि थोडी जागा मोकळी ठेवतात. 20 अंश सेल्सिअसला आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 57 पट असतो. अंदाजाने जास्त तुकडे भरले, तर तापमान वाढताच दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघर सहज 35 अंशांच्या वर जाते. शिवाय भरण्यासाठी काढलेला व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर तो गोळीसारखा उडू शकतो.

श्वासाला धोका कसा?
1 किलो ड्राय आईसपासून सुमारे 540 लिटर वायू तयार होतो. 8 बाय 8 फुटांच्या बंद स्वयंपाकघरात 2 किलो ड्राय आईस विरला, तर हवेत या वायूचे प्रमाण सुमारे 6 टक्के होते. एरवी ते 0.04 टक्के असते. 4 टक्के प्रमाणही जिवाला धोकादायक मानतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे रांगणाऱ्या बाळाला धोका अधिक. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका पार्टीत पोहण्याच्या तलावात ड्राय आईस टाकल्याने तिघांचा मृत्यू झाला होता.

त्रास झाला तर काय करावे?
• डोके दुखणे, धाप लागणे, गरगरणे: लगेच मोकळ्या हवेत जा. कोणी बेशुद्ध पडले असेल, तर दारे-खिडक्या उघडा आणि 108 ला फोन करा. वायू साचलेल्या खोलीत धावत शिरू नका, नाहीतर तुम्हीही कोसळाल.
• ड्राय आईसचे तापमान उणे 78 अंश असते. त्वचेला लागल्यास तो भाग चोळू नका. कोमट पाण्यात 15 ते 30 मिनिटे ठेवा. फोड आले किंवा बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.
• डोळ्याला लागले किंवा पोटात गेले, तर थेट रुग्णालय गाठा. उलटी करवू नका.

भारतात 500 मिलिलिटरपेक्षा मोठा गॅस सिलिंडर भरायला परवाना लागतो, तो याच कारणांसाठी. रिकामा सिलिंडर कंपनीकडून बदलून घ्या. ते महाग वाटत असेल, तर दुकानातली सोड्याची बाटली आणा. लिंबू सोडा तिचाही तितकाच छान होतो.