शियाजच्या मोहल्ल्यात अनू

पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री जिंकून आला, नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागला. तेव्हापासून आपल्या तरुणांकडून मी त्याचं एकच कौतुक ऐकतेय. पडद्यावर एकदाचा साधा मुसलमान मुलगा दिसला! शियाज दहशतवादी नाही, कव्वाली गात नाही, कोणाला फूस लावून पळवतही नाही. प्रेमात पडलाय आणि दोघांना बसायला जागा मिळत नाही म्हणून वैतागलाय, इतकंच. आजच्या हवेत या साधेपणाची किंमत मोठी आहे, हे कबूल. पण गोष्ट शियाजची नाही, अनूची आहे.

अनू केरळहून मुंबईत आलेली तरुण नर्स. प्रभा या वरिष्ठ नर्सबरोबर एका लहानशा घरात राहते. घरचे फोनवर स्थळांचे फोटो पाठवतात, ती आणि शियाज ते बघून खिदळतात. दवाखान्यात कुजबुज सुरू होते की ही एका मुसलमान मुलाबरोबर फिरते. अनूची मागणी फार मोठी नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबरोबर, दाराला कडी लावून, थोडा वेळ. दोन कोटींच्या शहरात तेवढं मिळत नाही. इथे 2015 साली मढ आयलंडच्या हॉटेलांत पोलीस शिरले, खोल्यांतल्या जोडप्यांना बाहेर काढलं आणि दंड ठोकला तो सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचा. बंद खोली सार्वजनिक कशी झाली, देव जाणे.

मग येतो बुरख्याचा प्रसंग. शियाजच्या घरचे बाहेरगावी जाणार, घर रिकामं असणार. त्याच्या मोहल्ल्यात शिरता यावं म्हणून अनू बुरखा विकत घेते, घालून निघतेसुद्धा. पाऊस कोसळतो, घरच्यांचा बेत फिसकटतो आणि भेट राहून जाते. थिएटरात इथे लोक हसतात. मला हसू आलं नाही. ही मुलगी लपतेय कोणापासून? ‘लव्ह जिहाद’ म्हणून ओरडणाऱ्यांपासून नाही, ते त्या गल्लीत राहत नाहीत. ती लपतेय आपल्यापासून. खिडकीतल्या खालांपासून, नाक्यावरच्या पोरांपासून, शियाजच्या अम्मीपासून.

आता नावं बदलून बघा. ती अनीसा आणि तो श्याम. तेव्हाही आपण ‘किती हळुवार सिनेमा’ म्हणू? 2023 च्या सुमारास ‘भगवा लव्ह ट्रॅप’ नावाने मोबाइलवर फिरलेले व्हिडिओ आठवत असतील. बुरख्यातली मुलगी एखाद्या हिंदू मुलाबरोबर दिसली की आपली पोरं तिला घेरायची. नाव विचार, बापाचा नंबर माग, नकाब खेच, आणि हे सगळं चित्रित करून पसरव. कौमची इज्जत वाचवण्याच्या नावाखाली भररस्त्यात मुलीची बेइज्जती. दुसऱ्यांच्या सेना करतात तेच, फक्त टोपी वेगळी. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नाही, हे मला कळतं. त्यांच्या मागे सरकार उभं असतं. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समितीच नेमली. पण घेरलेल्या मुलीला त्या ताकदीच्या हिशोबाचं काय?

लग्नाआधीचं सगळं हराम, त्यात चर्चा कसली, असं काही वाचक म्हणतील. ज्याने त्याने आपला दीन आपल्यापुरता सांभाळावा, माझी हरकत नाही. हाच नियम मुलग्यांना लावलेला मात्र मी फारसा पाहिला नाही. मुलग्याचं झालं तर ‘नादानी’, मुलीचं झालं तर खानदान बुडालं. आणि हलालचा रस्ता तरी आपण तिच्यासाठी मोकळा ठेवलाय का? मुलीच्या होकाराशिवाय निकाह नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. तो होकार विचारतात केव्हा? हॉल बुक झाल्यावर, देगा चढल्यावर, वकील आणि दोन गवाह खोलीत येऊन उभे राहिल्यावर. तेव्हा ‘नाही’ म्हणायला वाघाचं काळीज लागतं. तलाक, हलाला, बहुपत्नीत्व यांवर आपल्या चळवळीने खूप काम केलं. लग्न मोडताना बाईचं काय होतं हे आपण विचारलं. कोणाजवळ बसावंसं वाटतं, हे तिला विचारायला आपण अजून लाजतो.

सिनेमात अनू आणि शियाजला एकांत मिळतो तो मुंबईत नाही, रत्नागिरीकडच्या समुद्राजवळच्या रानात. छाया कदमने साकारलेल्या पार्वतीला बिल्डर घराबाहेर काढतो, कागद नाहीत म्हणून ती गावी परतते, आणि तिला पोचवायला या दोघी जातात. शियाज गुपचूप मागे येतो. कोकणातल्या मुसलमान मुली हे बघून गालातल्या गालात हसल्या असतील. आपल्या गावात मुलगी कुठल्या एसटीतून उतरली, कोणाशी बोलली, हे ती घरी पोचण्याआधी मशिदीच्या कट्ट्यावर ठाऊक असतं. रान मोकळं असतं ते पाहुण्यांना.

मला सगळ्यात आवडली ती प्रभा. आधी अनूला फार लागेल असं बोलणारी हीच बाई शेवटी समुद्रकाठच्या टपरीवर तिला सांगते, बोलाव त्याला. प्रवचन नाही, अटी नाहीत. तो येऊन बसतो.

आपल्या वस्तीत अशी एक तरी प्रभा हवी, आणि तिला कायद्याची थोडी माहिती हवी. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म न बदलता लग्न करता येतं. त्याआधी तीस दिवसांची नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते, आणि नेमक्या त्याच तीस दिवसांत घरचे, शेजारचे, संघटनावाले जोडप्याच्या मागे लागतात. राहायला जागा लागते, सोबत लागते. आणि लग्नाच्या दिवशी सही करायला तीन साक्षीदार लागतात. बहुतेक जोडपी तिसऱ्या साक्षीदारापाशी अडतात. माझं आधार कार्ड पर्समध्येच असतं.