आधी आग, मग मसाला

हरमल, आश्वे, मोरजीच्या शॅकमधला स्टेक पाहिला की पेडण्याच्या माणसाला पहिली शंका येते ती मसाल्याची. मांसाला नुसतं मीठ-मिरी लावून ते विस्तवावर टाकायचं आणि सॉस नंतर, वरून! आपल्याकडे सगळं उलट. बांगड्याच्या पोटात रेशाद भरायचा, काफ्रेआलच्या कोंबडीला हिरवं वाटण चोळून ठेवायचं, आणि मग आग. तरीही विसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, जाड तुकडीपुरता मी आता शॅकवाल्यांच्या बाजूचा झालो आहे.

ओल्या वाटणात पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत तुकडीची वरची बाजू 100 अंशांच्या फारशी पुढे सरकत नाही. खरपूस तपकिरी कवच धरायला मात्र साधारण 140 अंश सेल्सिअस लागतात. या क्रियेचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये केलं. वाटणात गूळ किंवा साखर असली तर आणखी पंचाईत, आतला मासा कच्चा आणि बाहेर काळं, कडू. रव्यात घोळवून तव्यावर मंद भाजताना हे खपून जातं, उघड्या निखाऱ्यावर नाही.

आमच्या घरात गोमांस येत नाही, म्हणून माझा स्टेक विसवणाचा. तुकडी दोन बोटं जाड हवी. मासळीवाली सवयीने पातळ कापायला निघते, तिला वेळीच थांबवावं लागतं. मीठ लावून अर्धा तास ठेवायची, सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं, तेलाचा हात फिरवायचा. करवंट्यांच्या निखाऱ्यांनी राख धरली की जाळी चांगली तापू द्यायची, गार जाळीला मासा चिकटतो. एकदा ठेवला की चिमट्याने ढोसत बसायचं नाही. कवच धरलं की तुकडी आपणहून सुटते.

सॉससाठी मिरची आमच्या हरमलची, जिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुक्या मिरच्या भिजवून लसूण-जिऱ्याबरोबर गुळगुळीत वाटायच्या. खोबरेल तेलात कांदा तांबूस करून त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. इथे घाई केली तर कच्च्या मिरचीचा वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मग थोडं पाणी, माडाच्या गुळाचा खडा, आणि शेवटी कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतंच, तेव्हा चाखल्याशिवाय वरून मीठ नको. बार्देसच्या ख्रिस्ती घरांत इथे माडाच्या सुरेचं व्हिनेगर पडलं असतं. तेही उत्तम, फक्त ते आधी नाकात शिरतं, आगळ मागाहून जिभेवर येतं. आच बंद केल्यावर बिया काढलेली तिरफळं ठेचून घालायची. माशाबरोबर त्यांची झिणझिण मला शॅकच्या पेपर सॉसपेक्षा जास्त भावते.

माझ्या बहिणीचं सासर डिचोलीला. तिथे आम्ही हाच सॉस कोंबडीच्या तंगड्यांबरोबर केला. (ब्रॉयलरच्या. गावठी कोंबडी निखाऱ्यावर चामट होते, तिची जागा शागुतीत.) नुसत्या मीठ लावलेल्या तंगड्या पाहून तिच्या सासूबाईंनी विचारलं, “आनी मसालो खंय?” मी मायारसाहेबांपासून सुरुवात केली. तेवढ्यात त्यांनी वाडग्यातला सॉस निम्म्या तंगड्यांना चोळूनसुद्धा टाकला. त्या करपल्या. पण पानात आधी संपल्या त्याच.