‘जात कोणती?’ या प्रश्नाविरुद्ध

कुत्रे घेऊन फिरायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ‘नाव काय?’ असा क्वचितच विचारतात, ‘जात कोणती?’ असा विचारतात. आम्हां दोघांच्या घरी चार वर्षांपूर्वी एक लहानखुरी कुत्री आली, तेव्हापासून हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर देण्याऐवजी प्रश्नाचीच झडती घ्यावी, असे आता वाटू लागले आहे. विचारणारे बहुतेक सुशिक्षित असतात आणि त्यांत आमच्यासारखे साहित्याचे अध्यापक थोडे नसतात. तेव्हा झडती त्यांच्यापुढेच घेतलेली बरी.

वस्तुस्थिती अशी. ठकीची आई मागच्या गल्लीतल्या एका घरची पांढरीशुभ्र पॉमेरेनियन, बाप अज्ञात. अंगावर दाट केस, पाय आखूड, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यावर दुमडलेला, वजन सात किलोंच्या आत. हे ऐकल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मुलगी पाहायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ‘म्हणजे क्रॉस!’ एवढे म्हणून विषय संपतो. गंमत अशी की, ‘हम आपके हैं कौन’मधल्या (१९९४) टफीमुळे जो कुत्रा घराघरांत माहीत झाला आणि ज्याला आपण सर्रास पॉमेरेनियन म्हणतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. ज्या आईमुळे ठकीला निदान ‘अर्धी बरी’ ठरवले जाते, त्या आईचे बिरुदही असे उसने! पशुवैद्यांच्या कार्डावर जातीच्या रकान्यात तर ठकीपुढे ‘नॉन-डिस्क्रिप्ट’ असे लिहिले आहे. पशुवैद्यकाची ती रूढ संज्ञा आहे, तीबद्दल तक्रार नाही. पण वर्णन, निरूपण आणि आस्वाद यांवर ज्यांची उपजीविका चालते, त्या आम्हांला आपल्या घरातला जीव ‘वर्णन नसलेला’ म्हणून नोंदला जावा, हे जरा झोंबलेच.

‘ब्रीड’ला मराठीत ‘जात’ म्हणतात, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा मामला नाही. माणसाच्या जातीशी कुत्र्याच्या जातीची बरोबरी आम्ही करीत नाही. माणसाने माणसावर लादलेल्या अन्यायाला पाळीव कुत्र्याची उपमा देणे हा त्या अन्याय सोसणाऱ्यांचाच अपमान ठरेल. आमचा आक्षेप आहे तो शब्दांच्या सवयीवर. ‘जातिवंत’ हे तबेल्यात शोभणारे विशेषण आपण कवीला लावतो, कथाकाराला लावतो, ‘अस्सल’ आणि ‘निर्भेळ’ यांच्या जोडीने ते वापरल्याखेरीज आपले परीक्षण पुरे होत नाही. आणि त्यात काही खटकतही नाही. दुसऱ्या टोकाला ‘हायब्रीड’. देशात संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ साली आले आणि पाहता पाहता तो शब्द बेचव भाकरीपासून नव्या पिढीपर्यंत कशालाही लावायची शिवी होऊन बसला. शेतकऱ्याची तक्रार चवीविषयी होती आणि ती भाकरी खाऊन केलेली होती. आपण चव न घेता शब्द तेवढा उचलला.

‘संकर’ या शब्दाची तर आमच्याच अभ्यासक्रमात दोन घराणी नांदतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन वर्णसंकराच्या भयाने व्याकूळ होतो. तिसऱ्यात श्रीकृष्णालाही संकराचे कर्तेपण नको आहे. अलंकारशास्त्रात मात्र हाच शब्द निर्मळ होऊन येतो. दोन अलंकार तीळ आणि तांदूळ यांच्यासारखे वेगवेगळे ओळखू येतील असे एकत्र आले, तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी यांच्यासारखे एकजीव झाले, तर तो संकर. तिथे कुणी नाक मुरडत नाही. हा भेद आपण वर्गात शिकवतो, त्यावर टीप लिहायला सांगतो, गुणही देतो. आणि मग घरी येऊन ठकीकडे पाहत ‘केस आईचे, पाय कुणा गावठ्याचे’ असे तीळतांदूळ निवडत बसतो! ठकी हे संकराचे उदाहरण आहे, संसृष्टीचे नव्हे. तिच्यातून पॉमेरेनियन वेगळी काढून दाखवता येत नाही.

बरे, ज्या शुद्धतेचा एवढा दबदबा, तिचे वय तरी किती? इंग्लंडातले कुत्र्यांचे पहिले आधुनिक प्रदर्शन न्यूकॅसलला १८५९ साली भरले आणि लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली. वंशावळीच्या वह्या, त्यांत नाव नसलेल्याला मज्जाव, कानाची आणि शेपटीची प्रमाण मापे हा सारा संसार त्यानंतरचा. म्हणजे आपली ‘यमुनापर्यटन’ (१८५७) त्याहून वडील आहे. त्याआधीही निवडून पैदास होत होतीच. पण ती कामासाठी होती. मेंढरे राखणारा धनगर किंवा मुधोळकडचा शिकारी कुत्र्याची पारख करतो ती वहीवरून नव्हे, रानात. अंगलट, केस, काही आनुवंशिक दुखणी यांविषयी जातीवरून पुष्कळ कळते, हे आम्हांला मान्य आहे. स्वभावाविषयी फार थोडे कळते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतील अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे तपासले होते. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वर्तनभेदांपैकी जातीच्या आधारे उलगडतो तो भाग सुमारे ९ टक्के, असे त्यात आढळले.

यावर कुणी म्हणेल की आता काळ पालटला आहे, संकरित कुत्र्यांनाच मागणी आहे. आहे खरी, पण ती कशाने आली? एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रन यांनी हवाईतल्या एका अंध बाईंसाठी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, कारण त्या बाईंच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. उरलेली पिल्ले सांभाळायला घेण्यास कुणी पुढे येईना. सर्वांना शुद्ध लॅब्राडोर हवा. तेव्हा कॉन्रन यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केले आणि फोन खणखणू लागले. पिल्ले तीच होती. पुढे हजारो पिल्लांचा बाजार उभा राहिलेला पाहून कॉन्रन यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. कॉकापू, माल्टिपू, कॅव्हापू ही नावे त्याच बाजारातली. संकराला मिळालेली ही प्रतिष्ठा नव्हे. नवी जात काढून तिची केलेली विक्री आहे. ‘आम्ही फक्त गावठीच पाळतो’ असे छातीवर बिल्ला लावल्यासारखे सांगणारे पुरोगामी स्नेहीही आम्हांला याच पंगतीतले वाटतात. तेही कुत्र्याआधी त्याचा प्रवर्गच पाहतात.

ओळख होते ती सावकाश आणि दोन्ही बाजूंनी. पहिले दोन आठवडे ठकी दिवाणाखाली राहिली. ताटली स्वयंपाकघरात ठेवली तर उपाशी राही. उंबऱ्याशी, बाहेरची वाट दिसेल अशी ठेवली तर खाई. पाठीवर हात ठेवू द्यायला तिने सव्वा महिना घेतला, आणि त्याआधी आमच्या हातांचा वास कितीदा घेतला याची मोजदाद नाही. दिवाळीतले फटाके तिला चालतात. कुकरच्या शिट्टीने मात्र ती आजही थरथरते. हाक मारली की येत नाही. दोघांपैकी कुणाचा आवाज चढला की येते, आणि दोघांच्या मधोमध पाठ करून बसते. यातले आईकडून काय आले, बापाकडून काय, आणि दिवाणाखालच्या त्या दोन आठवड्यांतून काय, हे सांगता येत नाही. सांगता येते ते एवढेच की अशी वागणारी ती ठकी. पूर्वसूरींचा प्रभाव शोधून झाल्यावर कवितेत जे शिल्लक राहते, त्याला आपण कवीचे स्वत्व म्हणतो. तो न्याय सात किलोंच्या जिवाला का नाही?

अध्यापकांचा दुसरा अपराध यापेक्षा सोज्वळ दिसतो. जात विचारणे सुटले की आपण प्रतीक विचारू लागतो. महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटलेही नव्हते. तो कुत्रा होता एवढेच मारायला पुरले. सरमेचा शाप येतो तो या निरपराध माराबद्दल. अखेरीस महाप्रस्थानात एक कुत्रे हस्तिनापुरापासून पांडवांमागे चालत राहते. त्याच्या जातीबद्दल अवाक्षर नाही. इंद्र स्वर्गाचा रथ घेऊन येतो, कुत्रे सोडून दे म्हणतो, आणि युधिष्ठिर नकार देतो. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म, हे त्यानंतर उघड होते. नकार देताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते; त्याच्यापुढे होते ते एवढी वाट सोबत चाललेले एक कुत्रे. आणि आपण काय करतो? शेवट आधी सांगून टाकतो, फळ्यावर ‘कुत्रा = धर्म’ असे समीकरण मांडतो आणि ‘प्रतीकात्मक महत्त्व विशद करा’ असा दहा गुणांचा प्रश्न काढतो. युधिष्ठिराच्या नकारातली सगळी जोखीम त्या समीकरणात विरघळून जाते.

हा भाग शिकवताना आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले की, एवढ्या वाटेत त्या कुत्र्याला खायला कोण घालत होते? वर्ग हसला. आम्ही त्या तासाला प्रतीक बाजूला ठेवले आणि तोच प्रश्न अंतर्गत मूल्यमापनासाठी दिला. चव्वेचाळीस उत्तरे आली आहेत. तपासणे चालू आहे.