तरवडाचा माळ उसासाठी फोडू नका



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट कार्यालयात हमखास एक मागणी येते : "साहेब, वरचा माळ जेसीबी लावून सपाट करतोय, पाइपलाइनही नेतोय. उसाची नोंद धरा." ऊस वाढवणे हे आमचे कामच. तेव्हा आम्ही लगेच मान डोलवावी, अशी अपेक्षा असते. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, ज्या माळावर तरवड फुलतो तो माळ उसासाठी फोडू नये.

तरवड आपणां सर्वांच्या ओळखीचा. कंबरेएवढे झुडूप, चिंचेसारखी बारीक पाने, पिवळीधमक फुले आणि चपट्या शेंगा. नवरात्रात घटावर याच्याच फुलांची माळ चढते. एरवी मात्र "तरवड माजला" म्हणजे रान वाया गेले, अशी आपली समजूत. वास्तविक तो आपल्याच मातीतला. वीतभर मातीखाली मुरूम आणि वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, एवढ्यावर त्याचे भागते. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते त्याचे सोबती. गुरे त्याचा पाला सहसा तोंडात धरत नाहीत, म्हणून चराईच्या रानातही तो टिकतो. हलक्या रानाची ती पाटीच आहे म्हणा ना. ती वाचायची सोडून आपण उपटून टाकतो.

आता हिशेब मांडू. सुरू उसाला साधारण २,५०० मिलिमीटर पाणी लागते, आडसालीला त्याहून जास्त. म्हणजे पावसाच्या चौपट. वीतभर मातीत हे पाणी धरून ठेवायला जागाच नाही. ते मुरमातून खाली जाते आणि टाकलेला युरियाही बरोबर नेतो. उन्हाळ्यात एखादी पाळी चुकली की ऊस करपलाच. दुसरे असे की, वर दिलेले जादा पाणी झिरपून खालच्या काळ्या रानात उतरते. तिथे निचरा नसला की तेच सोन्यासारखे रान पाणथळ होते, पुढे क्षारपड होते. माळ एकाचा फुटतो आणि मळई शेजाऱ्याची जाते.

दोन-तीन वर्षांनी ऊस परवडेना म्हणून रान सोडून दिले, तर तरवड आणि गवत लगेच परत येत नाहीत. आधी शिरते ते गाजरगवत.

कोणी विचारील, तरवडाचा आम्हाला उपयोग काय? पूर्वी त्याची साल कातडी कमावायला जात असे. आयुर्वेदात तो 'आवर्तकी' म्हणून परिचित आहे. शेतकऱ्याला त्याचा कोवळा पाला हिरवे खत म्हणून उसाच्या सरीत गाडता येतो. मात्र एक सांगून ठेवतो. शेंगेचा असला तरी त्याच्या मुळांवर तागासारख्या नत्राच्या गाठी नसतात. म्हणून ताग-धैंचा सोडून तरवड पेरा, असे आम्ही म्हणत नाही. बांधावरचा पाला वापरा, एवढेच. शिवाय त्याच्या फुलात मध नसला तरी पराग भरपूर असतो. त्यासाठी मोठे काळे भुंगे येतात, आणि तेच भुंगे आपल्या वांग्याच्या व तुरीच्या फुलांवरही जातात.

आता खरी अडचण. ज्याचा सगळा सातबारा माळाचाच, त्याला "फुले बघत बस" असे कोण सांगेल? आम्हीही सांगणार नाही. पण त्या सभासदाला ऊस तारणार नाही, कर्जात घालील. त्याने थोड्या भागात बोर, सीताफळ घ्यावे आणि उरलेला माळ शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी राखावा. ज्यांच्याकडे खाली काळे रान आहे, त्यांना तर माळाला हात लावायचे कारणच नाही. आहे त्या क्षेत्रात ठिबक, पाचटाचे आच्छादन आणि शुद्ध बेणे एवढे सांभाळले, तरी एकरी टनेज वाढते. कारखान्याला ऊस हवा आहे, नुसता एकराचा आकडा नको.

म्हणून आमचे सांगणे :

१) नोंद देण्याआधी रानात हातभर खड्डा घेऊन पाहा. वीतभरात मुरूम लागला तर उसाचा विचार सोडा.

२) बांधावरचा, ओघळीच्या काठचा तरवड मुळासकट काढू नका. तो माती धरतो.

३) पाला घेताना शेंडे छाटा, बुंधा ठेवा, आणि थोडी झुडपे फुलायला सोडा.

४) माळ पेटवू नका. बियाणे आणि गवत दोन्ही जाते.

नोंद नाकारली म्हणून काही मंडळी आमच्यावर रागावतील. रागवा, पण खड्डा घेऊन रागवा. मातीच आपल्याला उत्तर देईल.